रोजच्या ठरीव कामात नावीन्य कुठून आणायचे?

रकाना यांचा प्रश्न

नमस्कार.

मी एका विमा कंपनीच्या दावे विभागात नऊ वर्षांपासून काम करते. आलेला अर्ज उघडायचा, सोबतची कागदपत्रे यादीशी ताडून पाहायची, त्रुटी असेल तर शेरा लिहून अर्ज परत पाठवायचा आणि नसेल तर पुढच्या टेबलाकडे द्यायचा, असे माझ्या कामाचे स्वरूप आहे. कोणता कागद चालतो आणि कोणता चालत नाही हे नियमाने ठरलेले आहे. त्यात माझ्या मर्जीला जागा नाही आणि ती असूही नये, असेच मला वाटते. या वर्षीच्या मूल्यमापनात मात्र माझ्या वरिष्ठांनी ‘काम चोख, परंतु नावीन्याचा अभाव’ असे लिहिले. नऊ वर्षे दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे लिहिल्यानंतर स्वतःवरचा शेरा वाचताना काय वाटते, हे मला पहिल्यांदाच कळले.

म्हणजे मी नेमके काय करायला हवे, असे त्यांना विचारले, तेव्हा ‘चाकोरी सोडून विचार करा’ एवढेच उत्तर मिळाले. मग मी माझ्या परीने प्रयत्न केले. रोज सकाळी एक नवी कल्पना वहीत लिहायची असा नेम धरला. तिसऱ्या आठवड्यात कल्पना आटल्या, आणि ज्या सुचल्या होत्या त्यांतील बहुतेक संगणकप्रणाली बदला, विभागांची फेररचना करा अशा, म्हणजे माझ्या अधिकाराबाहेरच्या होत्या. कार्यालयाने भरवलेल्या एका कार्यशाळेलाही गेले. तिथे कागद जोडायच्या जेमक्लिपचे जास्तीत जास्त उपयोग लिहायला सांगितले. मी अठरा उपयोग लिहिले, टाळ्याही मिळाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर त्याच फायली होत्या.

माझे दोन प्रश्न आहेत. कल्पकता ही उपजतच असावी लागते का? आणि ज्या कामात प्रत्येक पायरी नियमाने बांधलेली आहे, त्या कामात नावीन्य आणणे म्हणजे प्रत्यक्षात काय करणे? कृपया ‘वेगळा विचार करा’ असे सांगू नये. तो कसा करायचा, तेच मला समजून घ्यायचे आहे.

मोजपट्टी

रकानाताई, मी यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झालो आहे, आणि नोकरीतील बरीच वर्षे कामगारांच्या सूचनापेटीतील चिठ्ठ्या वाचण्याचे काम माझ्याकडे होते. त्या अनुभवावरून सांगतो, की वही ठेवण्याचा तुमचा नेम बरोबर होता. वहीत लिहायची गोष्ट तेवढी चुकली. कल्पना लिहू नका, अडचणी लिहा.

आमच्या पेटीत दोन प्रकारच्या चिठ्ठ्या येत असत. पहिल्या प्रकारात ‘उत्पादन वाढवण्यासाठी आधुनिक तंत्रज्ञान आणावे’ अशी वाक्ये असत, आणि ती वाचून कोणालाही काही करता येत नसे. दुसऱ्या प्रकारातील एक चिठ्ठी मला अजून जशीच्या तशी आठवते. त्या कामगाराने लिहिले होते, की अमुक यंत्राचे झाकण चार नटांनी बसवलेले आहे, त्यांतील तीन एका मापाचे आणि चौथा मोठा आहे, त्यामुळे झाकण उघडताना प्रत्येक वेळी पान्हा बदलावा लागतो आणि दुसरा पान्हा बहुतेक वेळा जागेवर नसतो. त्या माणसाने कोणतीही कल्पना मांडली नव्हती. त्याने फक्त कुठे हात अडतो ते सांगितले होते. आम्ही चौथ्या जागी तोच नट बसेल अशी सोय केली आणि दुसऱ्या पान्ह्याची गरजच संपली. अडचण इतक्या नेमकेपणाने लिहिली, की उपाय बहुतेक वेळा त्या वाक्यातच दडलेला असतो.

मोठ्या शोधांमध्येही हेच दिसते. क्यूआर कोड आज सर्वांच्या परिचयाचा आहे. तो १९९४ मध्ये जपानमधील डेन्सो या वाहनांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्याने तयार केला, आणि त्याचे मूळ कामगारांच्या तक्रारीत होते. साध्या बारकोडमध्ये वीसेक अक्षरे मावत असल्यामुळे एकाच खोक्यावर अनेक बारकोड चिकटवावे लागत आणि कामगारांना ते दिवसभर एकेक करून वाचत बसावे लागे. जास्त माहिती मावेल असा कोड बनवल्यानंतर पुढची अडचण अशी आली, की तो कोड कागदावर नेमका कुठे आहे हे यंत्राला झटकन ओळखता येईना. त्यासाठी तीन कोपऱ्यांत चौकोन ठेवायचे ठरले. परंतु तसाच आकार छापील मजकुरात इतरत्र आला, तर यंत्र फसणार. म्हणून त्यांनी पत्रके, मासिके, पुठ्ठ्याची खोकी अशा नाना प्रकारच्या छापील वस्तू तपासून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सर्वांत कमी आढळणारे प्रमाण शोधून काढले. ते १ : १ : ३ : १ : १ असे आहे. त्या चौकोनाच्या मधून कोणत्याही दिशेने रेघ ओढली तरी हेच प्रमाण मिळते, त्यामुळे कोड तिरका धरला तरी वाचता येतो. यात प्रतिभा नाही असे मी म्हणणार नाही, परंतु ती एकामागून एक आलेल्या नेमक्या अडचणींना बांधलेली होती.

याची उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. अमेरिकेतील थ्री-एम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर यांनी १९६८ मध्ये एक विचित्र गोंद तयार केला. तो चिकटत असे, परंतु सहज निघूनही येत असे. तो कशासाठी वापरायचा हे कोणालाच सुचेना. १९७४ मध्ये त्याच कंपनीतील आर्ट फ्राय यांना प्रार्थनागीतांच्या वहीतील खुणेच्या चिठ्ठ्या सतत निसटून पडतात, या स्वतःच्या वैतागावरून तो गोंद आठवला. त्यातून निघालेले चिकटचिठ्ठ्यांचे पॅड १९८० मध्ये अमेरिकेच्या बाजारात सर्वत्र आले. कल्पना हाताशी असूनही अडचण न सापडल्यामुळे ती सहा वर्षे पडून राहिली.

तेव्हा कामाचे दहा दिवस फक्त नोंदी करा. ‘प्रणाली संथ आहे’ अशी नोंद उपयोगाची नाही. किती वाजता, कोणत्या कागदापाशी, हात कशामुळे थांबला, आणि पुढे जाण्यासाठी तुम्ही काय केले, असे लिहा. विशेषतः नकळत काढलेल्या पळवाटा टिपा: कडेला पेन्सिलने केलेली खूण, स्वतःसाठी ठेवलेली वेगळी यादी, शेजारच्या टेबलाला मारलेली हाक. तुम्ही ज्याला सवय म्हणता ते पुष्कळदा एखाद्या अडचणीवर तुम्हीच पूर्वी शोधलेले आणि नंतर विसरलेले उत्तर असते. दहा दिवसांत उपाय सुचला तरी तो करू नका. हे सर्वांत कठीण आहे, माझ्या हातून कधीच झाले नाही, पण सांगायला काय हरकत आहे!

अर्धविराम

मोजपट्टीकाकांचे म्हणणे पटते. त्यात एका गोष्टीची भर घालतो. अडचणी लिहा म्हटले, तरी नऊ वर्षांनंतर अडचण दिसणेच बंद झालेले असते. मी मानसशास्त्र शिकवतो आणि या विषयावर वर्गात दरवर्षी एक जुना प्रयोग करून घेतो. अब्राहम लुचिन्स यांनी तो १९४२ मध्ये प्रसिद्ध केला होता.

तीन भांडी आहेत. पहिल्यात २१, दुसऱ्यात १२७ आणि तिसऱ्यात ३ मापे पाणी मावते, आणि तुम्हाला बरोबर १०० मापे मोजून द्यायची आहेत. दुसरे भांडे भरायचे, त्यातून पहिले एकदा आणि तिसरे दोनदा भरून घ्यायचे, की १०० उरतात. याच रीतीने सुटणारी आणखी चार-पाच कोडी मुलांना दिली, की हात बसतो. मग मी २३, ४९ आणि ३ मापांची भांडी देतो आणि २० मापे मागतो. बहुतेक मुले पुन्हा दुसरे भांडे भरतात, त्यातून २३ काढतात, मग दोनदा ३ काढतात, आणि उत्तर बरोबर आल्याच्या समाधानात वर पाहतात. पहिल्या भांड्यातून एकदा ३ काढले की २० उरतात, हे त्यांना दिसतच नाही. ज्या मुलांना आधीची कोडी दिलेली नसतात, त्यांना ते लगेच दिसते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की लांबची रीत चुकीची नाही. चुकली असती तर कोणी थांबून पाहिले असते. ती बरोबर उत्तर देते, म्हणूनच ती टिकते. ‘काम चोख, परंतु नावीन्याचा अभाव’ या शेऱ्याचा अर्थ कदाचित एवढाच असेल.

यावर माझा उपाय साधा आहे. विभागात नुकत्याच रुजू झालेल्या व्यक्तीजवळ अर्धा तास बसा आणि ती जे प्रश्न विचारील ते उत्तर न देता लिहून घ्या. ‘हे असे का?’ या प्रश्नाला जिथे तुमच्या तोंडून ‘पहिल्यापासून असेच आहे’ एवढेच निघते, तिथे खूण करा. नवीन माणसाची ही नजर फार दिवस टिकत नाही, म्हणून ती पहिल्या पंधरवड्यातच वापरून घ्यावी.

दुसरी गोष्ट अशी, की सुधारणा म्हटली की आपण काहीतरी वाढवायलाच धावतो. आणखी एक रकाना, आणखी एक तपासणी, आणखी एक सूचनाफलक. व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच आढळले, की रचना, मजकूर किंवा आराखडा सुधारायला सांगितले असता लोक भर घालण्याचे मार्ग आधी शोधतात, आणि काढून टाकणे अधिक सोपे असतानाही ते अनेकांना सुचत नाही. काढून टाकण्याची मुभा आहे याची स्पष्ट आठवण करून दिली, की मात्र ते जास्त जणांना सुचते. म्हणून तुमच्या वहीत प्रत्येक अडचणीखाली ‘यातून काय काढता येईल?’ हा प्रश्न आधीच लिहून ठेवा. मोजपट्टीकाकांच्या त्या नटाच्या गोष्टीतही पान्हा कमी झाला, हे पाहा.

उपजततेविषयी थोडक्यात. जेमक्लिपच्या त्या खेळाचे मूळ जे. पी. गिल्फर्ड यांच्या चाचण्यांमध्ये आहे; याच गिल्फर्ड यांनी १९५० मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात सर्जनशीलतेच्या अभ्यासाकडे झालेल्या दुर्लक्षाविषयी तक्रार केली होती. माणसामाणसांत फरक असतो, हे खरेच आहे. परंतु जेमक्लिपचा खेळ ही कल्पकता मोजण्याची चाचणी आहे, आणि वजनकाट्यावर रोज उभे राहून कोणाचे वजन उतरल्याचे मी तरी पाहिलेले नाही. रोजच्या कामापुरते बोलायचे तर, त्या कामाची नऊ वर्षांची माहिती ही तुमच्याजवळची पुंजी कोणत्याही उपजत कल्पकतेपेक्षा मोठी आहे.

जाता जाता: अडलेल्या प्रश्नावर पर्याय शोधायचे असतील तेव्हा खुर्चीवरून उठून चाला. स्टॅनफर्डमधील २०१४ च्या प्रयोगांत बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना सरासरी ६० टक्के अधिक कल्पना सुचल्या. मात्र एकच अचूक उत्तर असलेल्या प्रश्नांना चालण्याचा उपयोग झाला नाही, तेव्हा अर्ज तपासताना खुर्चीवरच बसा.

शंकासुर

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, तरीही मला थोडा विरोधी सूर लावावासा वाटतो. नावीन्याचा आग्रह धरणाऱ्यांना त्याची किंमत बहुधा मोजावी लागत नाही. ती शेजारच्या टेबलावरचा माणूस मोजतो.

हे मी स्वतः केलेल्या उपद्व्यापावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी मी आमच्या कार्यालयातील सामायिक फायलींना नावे देण्याची पद्धत बदलली. आधी विषय लिहीत आणि नंतर तारीख. मी तारीख आधी आणली, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागेल. पद्धत खरोखरच चांगली होती. परंतु आमच्या लेखा विभागातील एक बाई विषयाच्या पहिल्या अक्षरावरून फायली शोधत असत. त्यांना मी विचारलेच नव्हते. त्या दोन महिने निमूटपणे प्रत्येक फाइल उघडून पाहत राहिल्या, आणि वर्षअखेरीच्या हिशेबात दोन फायली राहून गेल्या तेव्हा हे उघडकीस आले. माझ्या बदलाने काम सोपे झाले नव्हते, ते माझ्याकडून त्यांच्याकडे सरकले होते. तेव्हापासून कोणताही बदल करण्याआधी मी एक प्रश्न विचारतो: यामुळे वाचलेली मेहनत नाहीशी होते, की दुसऱ्याच्या माथी जाते?

दुसरे असे, की बांधीव काम आणि नावीन्य यांत वैर आहे, हे रकानाताईंच्या प्रश्नातील गृहीत मला मान्य नाही. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंगच्या एका नव्या बॉम्बफेकी विमानाच्या चाचणीत विमान वर चढले आणि कोसळले. विमानात बिघाड नव्हता. जमिनीवर उभे असताना शेपटाचे भाग हलू नयेत म्हणून लावलेली अडसर-कळ काढायची राहून गेली होती, आणि विमान चालवणारा अत्यंत अनुभवी वैमानिक होता. त्यावर उपाय म्हणून वैमानिकांना अधिक हुशार करण्याऐवजी करायच्या गोष्टींची छोटी यादी हाती देण्यात आली. तीच कल्पना पुढे शस्त्रक्रियागृहात गेली. जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची यादी आठ शहरांतील आठ रुग्णालयांत वापरून पाहिली असता शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवले आहे. कागदावरची यादी, त्यावर बरोबरच्या खुणा करायच्या, याहून कंटाळवाणे काही असेल का? परंतु नियमाला अधिक पक्के करणे हेही नावीन्यच आहे.

आणि कृपया सर्वांना एका खोलीत बसवून कल्पनांची बैठक घेऊ नका. ही पद्धत अॅलेक्स ऑस्बॉर्न या जाहिरात व्यवसायातील गृहस्थांनी लोकप्रिय केली. टीका करायची नाही, जितक्या सुचतील तितक्या कल्पना सांगायच्या. १९५८ मध्ये येल विद्यापीठातील संशोधकांनी ती तपासली. चौघांचा एक गट एकत्र बसवला आणि दुसरीकडे चौघांना वेगवेगळे बसवून त्यांच्या कल्पनांतील सारख्या कल्पना एकदाच धरून बेरीज केली. वेगवेगळे बसलेल्यांच्या कल्पना जवळजवळ दुप्पट निघाल्या. आधी प्रत्येकाने एकट्याने लिहावे आणि मगच एकत्र बसावे. आमच्या कार्यालयात अजूनही उलटेच चालते, कारण चहा एकत्रच येतो.

पायवाट

मी नोकरी करत नाही, घर सांभाळते, त्यामुळे लिहावे की नाही असा संकोच वाटत होता. परंतु ‘अडचण नेमकी लिहा’ हे वाचून घरातला एक प्रसंग आठवला.

माझ्या सासऱ्यांना सकाळी आणि रात्री एकाच बाटलीतली गोळी घ्यावी लागते. ‘औषध घ्यायला विसरतात’ अशी आमची समजूत होती, म्हणून मी मोबाइलवर गजर लावून दिला. गजर वाजे, ते उठत, आणि बाटली हातात घेऊन उभे राहत. दोन दिवस लक्ष ठेवून पाहिल्यावर कळले, की ते औषध विसरतच नव्हते. घेतले की नाही, हे विसरत होते. म्हणजे अडचण गोळी घेण्याआधीची नव्हती, नंतरची होती. मग भिंतीवर तक्ता लावला, घेतल्यावर खूण करायची. तो चार दिवस चालला, कारण पेन कधी जागेवर नसे आणि चष्मा लावल्याशिवाय रकाना दिसत नसे. शेवटी सासूबाईंनीच सुचवले, की सकाळची गोळी घेतली की बाटली उलटी ठेवायची, रात्रीची घेतली की सुलटी. आता पेन नको, चष्मा नको, गजरही नको. सकाळी उठल्यावर बाटली सुलटी दिसली की गोळी घ्यायची, उलटी दिसली तर घेऊन झाली आहे.

यात एक कच्चा दुवा आहे, तोही सांगते. कोणी झाडपूस करताना बाटली हलवली, की सगळे बिनसते. त्यामुळे त्या फळीला कोणी हात लावायचा नाही असे ठरले आहे, आणि तिथे धूळ साचलेली असते. गजर आणि तक्ता दोन्ही माझ्या कल्पना होत्या. चाललेली युक्ती मात्र जिच्या डोळ्यांसमोर रोज ते घडत होते, तिची निघाली.

रकाना

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला महिना लागला, कारण मोजपट्टीकाकांनी सांगितल्याप्रमाणे आधी दहा दिवस मी फक्त नोंदी केल्या.

त्या दहा दिवसांत मी ६४ अर्ज परत पाठवले. शेरे वेगवेगळे असतील असे मला वाटत होते, परंतु त्यांतील २७ अर्जांवर एकच शेरा होता: ‘मागील पृष्ठावर स्वाक्षरी नाही.’ हा शेरा मी इतक्या वेळा लिहिला आहे, की हात तो आपोआप लिहितो, आणि अर्धविराम यांनी सांगितलेल्या भांड्यांप्रमाणे तो बरोबरही असतो. नोंदी पाहिल्यावर मी प्रथमच तो अर्ज अर्जदाराच्या नजरेने हातात घेतला. एकाच कागदाच्या दोन्ही बाजूंना छपाई आहे. पुढच्या बाजूला तळाशी दिनांक, ठिकाण आणि स्वाक्षरीची ठळक चौकट आहे. कोणताही माणूस स्वाक्षरी केली की अर्ज संपला असे समजतो. मागील बाजूस रक्कम खात्यात जमा करण्याची संमती आहे आणि तिथे दुसरी स्वाक्षरी लागते. परंतु मागे काही आहे हे सांगणारा ‘कृ. मा. प.’ हा मजकूर पुढच्या बाजूला पहिल्या स्वाक्षरीच्या चौकटीखाली, अगदी कडेला, मुंगीएवढ्या अक्षरांत आहे.

अर्जाचा नमुना बदलणे माझ्या हातात नाही. त्यासाठी मुख्यालयाची मान्यता लागते आणि तसा प्रस्ताव मी दिला आहे. माझ्या वहीतल्या जुन्या सवयीप्रमाणे मी तिथेच थांबले असते. परंतु ‘काय काढता येईल’ आणि ‘आपल्या हातात काय आहे’ असे दोन्ही प्रश्न एकत्र विचारले, तेव्हा एक गोष्ट सुचली. खिडकीवर कोऱ्या अर्जांचा गठ्ठा असतो. तो मी उलटा ठेवायला सांगितला, म्हणजे अर्जदाराच्या हाती मागील बाजू आधी पडेल. नाव-पत्त्याचे रकाने त्या बाजूला नसल्यामुळे कागद उलटावा लागतोच. पुढच्या आठवड्यात परत गेलेल्या ३१ अर्जांपैकी या कारणाने गेलेले ६ होते. एका आठवड्यावरून काही ठरवू नये हे मला कळते, परंतु नऊ वर्षांत मी हा आकडा कधी मोजलाच नव्हता.

शंकासुर यांचा प्रश्नही मी विचारला, आणि तो विचारला नसता तर बरे झाले असते असे क्षणभर वाटले. खिडकीवरच्या सहकाऱ्याने सांगितले, की आता दिवसातून कितीतरी जण ‘सुरुवात कोणत्या बाजूने करायची?’ असे विचारतात. म्हणजे माझे काम थोडे त्याच्याकडे सरकले आहे. म्हणून या आठवड्यापासून गठ्ठा पुन्हा सुलटा ठेवला आहे आणि प्रत्येक अर्जाचा खालचा उजवा कोपरा पुढच्या बाजूला दुमडला आहे. दुसऱ्या स्वाक्षरीची चौकट मागच्या बाजूला त्याच कोपऱ्यात येत असल्यामुळे दुमडल्यावर ती पहिल्या स्वाक्षरीच्या शेजारीच दिसते. कोपरे दुमडायला शंभर अर्जांना किती वेळ लागतो हे अजून मोजायचे आहे. दुमडणारी मीच आहे, हे शंकासुर यांनी कृपया नोंदवून घ्यावे.

मोजपट्टी

फार छान. एकच विचारतो. उरलेल्या त्या ६ अर्जांपैकी खिडकीवरून नेलेले किती आणि लोकांनी स्वतः छापून टपालाने पाठवलेले किती? घरी छापलेल्या अर्जाची मागची बाजू पुष्कळदा वेगळ्या कागदावर येते. तिथे गठ्ठाही नाही आणि कोपराही नाही. ती अडचण निराळी आहे, तिला याच आकड्यात मिसळू नका.

शंकासुर

नोंदवले आहे. कोपरे दुमडण्याचे काम पुढच्या महिन्यात शिकाऊ उमेदवाराकडे गेले, तर तेही कळवावे.

रकाना

काका, ते वेगळे मोजलेलेच नाही. आत्ता पाहिले, तर परत पाठवलेल्या अर्जांची पाकिटे मी ठेवत नाही, त्यामुळे मागचे सांगता येणार नाही. टपालाने आलेल्या अर्जाच्या वरच्या कोपऱ्यात ‘ट’ अशी पेन्सिलने खूण करायला आवक टेबलावरच्या सहकाऱ्याला सांगितले आहे. त्याने आधी कपाळाला आठ्या घातल्या आणि मग, ही खूण त्यालाही दुसऱ्या एका कामासाठी हवीच होती, असे म्हणाला. सोमवारपासून मोजायला सुरुवात करते.